यकृतात झोपलेला ताप
(देगलूर येथे उपासनेनंतर दिलेले भाषण)



किनवटकडच्या एका कोलाम पोडावर एक आई मला म्हणाली, "बाई, तुमच्या गोळ्या खोट्या. ताप गेला, आन् दोन महिन्यांनी पुन्हा आला." गोळ्या खोट्या नव्हत्या. ताप उतरताच उरलेल्या तिने पुढच्या वेळेसाठी डबीत जपून ठेवल्या होत्या. चूक माझी, कारण मी सांगितलेच नव्हते.

अ‍ॅनाफिलिस डासाची मादी चावते, तेव्हा तिच्या लाळेतून हिवतापाचा जंतू आपल्या रक्तात येतो व लगेच यकृतात शिरतो. तिथे एकाचे हजारो होतात. माणसाला पत्ता नसतो. मग ते तांबड्या पेशींत घुसतात. 48 तासांनी पेशी फुटतात, म्हणून एक दिवसाआड हुडहुडी. क्लोरोक्विन रक्तातले जंतू मारते. पण व्हायव्हॅक्स जातीचे काही जंतू यकृतातच झोपून राहतात आणि महिन्यांनी जागे होतात. त्यांच्यासाठी प्रायमाक्विन, पूर्ण 14 दिवस. (गरोदर बाईला मात्र ती देत नाहीत.)

डासाच्या पोटात हा जंतू रोनाल्ड रॉस यांना 20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबादला दिसला. देगलूरही तेव्हा निजामाच्याच राज्यात होते!

त्या आईचे रक्त पुन्हा तपासले. आता आमची कार्यकर्ती रोज पोडावर जाऊन गोळी समोर गिळायला लावते. येत्या मंगळवारी चौदावा दिवस. प्रार्थनेत तिची आठवण ठेवा.