आघातानंतरची आशा

भयंकर प्रसंग सरतो, पण मनांतून जातोच असें नाहीं. तो स्वप्नांत येतो, लहानशा आवाजानें छाती धडधडते, त्या जागेची वाटही नकोशी होते. या विकारास १९८० सालीं अमेरिकेंतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनें स्वतंत्र नांव दिलें.

आशावादी माणसांत हीं लक्षणें सरासरीनें कमी आढळतात. मात्र आशा म्हणजे दुःख नाकारणें नव्हे. जळगांवच्या बहिणाबाई चौधरी तिसाव्या वर्षीं, १९१० सालीं, विधवा झाल्या. प्लेगानें एका मुलास पंगुत्व आलें. त्यांना हा विकार होता असें कोणीं म्हणूं नये. पण त्यांनीं दुःखाकडे पाठ फिरविली नाहीं. तें त्यांनीं ओव्यांतून गाइलें, आणि घर व शेतही सांभाळलें.

मर्म येथेंच आहे. टाळल्यानें भय मुरतें. आशा असली कीं मनुष्य त्यास सामोरा जातो, मदत मागतो. म्हणून ज्याची आशाच खचली, त्यास दोष देऊं नये. ‘धीर धर’ एवढेंच सांगून उठूं नये. जवळ बसावें, ऐकावें, वैद्यांकडे न्यावें. जळगांव-धुळ्याच्या विद्यापीठास २०१८ सालीं या निरक्षर कवयित्रीचें नांव मिळालें. तिच्याकडून घ्यावयाचा धडा हाच.