वनस्पतींची वस्ती

झाड एकटे उभे दिसले, तरी ते सहसा एकटे नसते. त्याच्या शेजारी कोणते झुडूप वाढावे, त्याच्या सावलीत कोणते गवत तगावे, हे त्या जागेचे पाणी, माती, वारा आणि ऊन ठरवीत असतात. अशा रीतीने एकत्र नांदणाऱ्या वनस्पतींना शास्त्रज्ञ ‘वनस्पतिसमाज’ म्हणतात. हे समाज किती थोड्या अंतरात पालटतात, ते कोकणच्या किनाऱ्यावरून सह्याद्री ओलांडून देशावर उतरणाऱ्यास स्पष्ट दिसते.

खाडीकाठी तिवर आणि कांदळ यांचे राज्य. तेथील चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो. म्हणून तिवराची श्वासमुळे बोटांसारखी चिखलावर डोकावतात. पाण्याबरोबर शोषले गेलेले मीठ त्याची पाने बाहेर टाकतात. कांदळाचे बी तर झाडावर असतानाच रुजते आणि लांब कोंब फुटल्यावर खाली सुटते. भरती-ओहोटीच्या येरझारांत सुट्या बियाला रुजण्याची उसंत कोठून मिळणार?

घाटमाथ्यावर महाबळेश्वरास वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. एवढ्या पाण्यावर झाडे गगनाला भिडावीत. परंतु तेथील अंजनी, जांभूळ, पिसा ही झाडे सदाहरित असूनही उंचीने बेताचीच राहतात. बहुतेक पाऊस चार महिन्यांत कोसळून जातो, पुढचे महिने जवळजवळ कोरडे जातात, वारा झोडपीत असतो आणि खडकावर माती थोडी असते. पाऊस किती पडला, एवढ्यावर अरण्य पोसले जात नाही. तो किती काळ पुरला, यालाही तितकेच महत्त्व आहे.

साताऱ्याजवळच्या कासच्या पठारावर आणखी निराळा प्रकार आढळतो. येथे जांभ्या दगडावर मातीचा केवळ पातळ थर आहे. पावसाळ्यात तो पाण्याने डबडबतो आणि उन्हाळ्यात भाजून निघतो. मोठ्या वृक्षांना तेथे मूळ धरता येत नाही. म्हणून एका पावसाळ्यात जीवन आटोपणाऱ्या इवल्या वनस्पतींनी ती जागा व्यापली आहे. मातीत नत्राची वाण. ती भरून काढण्यासाठी दवबिंदू आणि सीतेची आसवे या नाजूक वनस्पती सूक्ष्म जीवांची शिकार करतात. सह्याद्रीतील ज्या स्थळांना २०१२ साली जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यांत हे वृक्षहीन पठारही आहे.

सह्याद्रीच्या पूर्वेस पर्जन्यछायेच्या प्रदेशात पाऊस झपाट्याने घटतो. सोलापूरकडे पवन्या, कुसळी यांसारखी गवते आणि मधूनमधून हिवर, बोर, बाभूळ दिसतात. उन्हाळ्यात हा माळ मेल्यासारखा वाटतो. पण गवताची मुळे जमिनीत जिवंत असतात आणि पहिल्या सरींबरोबर माळ पुन्हा हिरवा होतो. याच माळांवर काळवीट चरतात. उघड्या माळावाचून ज्याचे चालत नाही, त्या माळढोकासाठी तेथे १९७९ साली अभयारण्य घोषित झाले.

असे असूनही वृक्ष नाहीत एवढ्यावरून अशा भूमीस ‘पडीक’ म्हटले जाते आणि सद्हेतूने तिच्यावर गिरिपुष्पासारखी परकी झाडे लावली जातात. झाडे जगली, तर त्यांच्या सावलीने ऊनप्रिय गवत खुंटते आणि गवताच्या आश्रयाने राहणारे जीव परागंदा होतात. वृक्षारोपण हे पुण्यकर्म खरे. परंतु खड्डा खणण्यापूर्वी त्या भूमीवर आधीपासून कोण नांदत आहे, हे पाहणे अगत्याचे आहे. तिवराला चिखल, अंजनीला घाटमाथा, तसा गवताला माळ हेच घर. ते मोडून उभे केलेले रान हिरवे दिसेल. पण त्या भूमीचे वैभव त्यात उरणार नाही.