बिल वर गेलंय



महिनाअखेरीस भाषांतरकार कंपनीच्या अकाउंट्स विभागाला फोन लावतो. पलीकडून उत्तर येतं, "बिल वर गेलंय." पंधरा दिवसांनी कळतं, साहेब टूरवर आहेत. आणखी महिन्याने उलगडा होतो, की व्हेंडर कोडच निघालेला नाही. पॅनची प्रत आणि कॅन्सल्ड चेक पुन्हा पाठवा. काम मात्र त्यांना कालच हवं होतं. या सभागृहातल्या भाषांतरकार, मुद्रितशोधक, चित्रकार आणि निवेदकांना हा संवाद तोंडपाठ आहे.

संमेलनाध्यक्षाने शैलीवर बोलावं, अशी प्रथा आहे. यंदा ती मोडली जाते आहे.

अहमदाबादेत १९७२ साली इला भट्ट यांनी फेरीवाल्या, डोक्यावरून ओझी वाहणाऱ्या, घरी बसून शिवणकाम करणाऱ्या बायकांची 'सेवा' ही संघटना नोंदवायला घेतली, तेव्हा सरकारी खात्याने हरकत काढली: या बायकांना मालकच नाही, मग युनियन कुणाविरुद्ध? युनियन मालकाविरुद्ध नसून कामगारांच्या एकीसाठी असते, हे पटवून द्यावं लागलं. नोंदणी अखेर झाली.

महाराष्ट्राने हा पेच त्याआधीच एका धंद्यापुरता सोडवला होता. बाजारातला हमाल सकाळी एका गाळ्यावर पाठीवर पोती घेतो, दुपारी दुसऱ्या. त्याचा मालक कोण? अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना एकत्र आणलं आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. व्यापाऱ्याने मजुरी या कायद्याने नेमलेल्या मंडळाकडे भरायची, वर लेव्ही द्यायची. त्या लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, भरपगारी सुटी. मालक बदलत राहिले तरी हमालाचं खातं एकच. या मंडळांच्या कारभाराबद्दल तक्रारी आहेत, माथाडींच्या नावावर खंडणी उकळणारेही निघाले. तरी कल्पना खणखणीत होती.

पदवीधर भाषांतरकाराची गत वेगळी नाही. सकाळी बँकेचं माहितीपत्रक, दुपारी औषधाच्या खोक्यातली चिठ्ठी, रात्री मालिकेची सबटायटल्स. हल्ली तर यंत्राने केलेला मजकूर 'फक्त बघून द्या' म्हणून पाठवतात आणि दर निम्मा करतात. बघायला लागलं की सगळाच नव्याने लिहावा लागतो. त्याच्यासाठी असं मंडळ नाही. त्याने कधी मागितलंही नाही, कारण आपण कामगार आहोत हे त्याला पटत नाही.

कायदा अगदीच मुका नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्यानुसार, नोंदणी केलेल्या सूक्ष्म वा लघु सेवा पुरवठादाराचे पैसे करारात मुदत कितीही लिहिली तरी ४५ दिवसांत द्यावे लागतात. मुदत ठरलीच नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. उद्यम नोंदणी एकट्या माणसालाही करता येते आणि ती फुकट आहे. पण एकट्याने व्याज मागितलं की पुढचं काम दुसऱ्याला जातं, म्हणून कुणी मागत नाही.

हक्कांचंही तेच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला मजकूर साधारणपणे मालकाचा. मुक्त भाषांतरकाराचा मजकूर, वेगळा करार नसेल तर, त्याचा स्वतःचा. हक्क द्यायचा तो लेखी, आणि मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. चित्रकार व छायाचित्रकारांनी मात्र सावध राहावं. पैसे देऊन काढून घेतलेल्या रंगचित्राचा किंवा फोटोचा पहिला हक्क, उलट करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा असतो.

तेव्हा कार्यकारिणीपुढे दोन सूचना आहेत. एका पानाचा मराठी करारनामा छापावा, त्यात दर, पैसे देण्याची तारीख आणि हक्काची मुदत एवढ्या तीन जागा रिकाम्या ठेवाव्यात. आणि थकलेल्या बिलासाठीचं पत्र एकट्या सभासदाने लिहू नये. ते संस्थेच्या लेटरहेडवर, चिटणीसाच्या सहीने जावं. करारनाम्याचा कच्चा मसुदा दुपारच्या सत्रात वाचला जाईल. त्यातल्या हक्काच्या कलमावर भांडण होणार आहे. प्रकाशक मंडळींनी जेवून लगेच पळू नये.