विधिमंडळाची शिफारस आणि महाडचे चवदार तळे

राज्यकारभाराची सूत्रे ज्याच्या हाती असतात, मग तो राष्ट्राध्यक्ष असो वा प्रांताचा गव्हर्नर, त्याला बदलणे मतदाराच्या हाती नेहमीच असते असे नाही. परंतु त्याच्या धोरणाला वळण लावू शकतील असे पुरोगामी विचारांचे प्रतिनिधी कायदेमंडळात बसवता येतात. या उपायाचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा ही दोन्ही महाड-पोलादपूरच्या परिसराने विसाव्या शतकात अनुभवली आहेत.

1919 च्या कायद्याने मुंबई इलाख्यात द्विदल राज्यपद्धती आली. म्हणजे महसूल, पोलीस यांसारखी राखीव खाती गव्हर्नर व त्याच्या कार्यकारी मंडळाकडे राहिली आणि शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य ही सोपीव खाती विधिमंडळाला जबाबदार असलेल्या मंत्र्यांकडे गेली. मताधिकार मालमत्तेच्या व कराच्या अटींमुळे थोड्यांनाच होता, शिवाय विधिमंडळाचा ठराव सरकारवर बंधनकारक नसून केवळ शिफारस मानला जाई. अशा तोकड्या अधिकारांच्या सभागृहात 4 ऑगस्ट 1923 रोजी सीताराम केशव बोले यांनी एक ठराव मंजूर करून घेतला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवले जाणारे पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्य मानल्या गेलेल्या वर्गांना खुले करावेत, असे त्यात म्हटले होते. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात सरकारने खातेप्रमुखांना तशा सूचना दिल्या. ज्या सरकारने सामाजिक रूढींत हात घालणे आजवर टाळले होते, त्याला सभागृहाने निदान कागदावर तरी बाजू घ्यायला लावली.

कागदावरचा हुकूम पाणवठ्यापर्यंत नेणारी यंत्रणा मात्र गव्हर्नरची नव्हती. ती गावोगावच्या नगरपालिकांची आणि लोकल बोर्डांची होती. महाड नगरपालिकेने सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्या पुढाकाराने जानेवारी 1924 मध्ये चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला, पण तीन वर्षे त्याची अंमलबजावणी झाली नाही. 1926 साली बोले यांनी दुसरा ठराव आणून, पहिल्या ठरावाची अंमलबजावणी न करणाऱ्या संस्थांचे सरकारी अनुदान रोखावे अशी मागणी केली. आमदाराच्या हातातील खरे हत्यार पैशाची किल्ली असते, हे त्यांनी ओळखले होते. तरीही तळ्याच्या पायऱ्या उतरायला माणसेच लागली. 20 मार्च 1927 रोजी, दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवून आणलेल्या परिषदेनंतर, त्याच वर्षी विधिमंडळाचे सरकारनियुक्त सदस्य झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले व पाणी प्याले; त्यानंतर परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले. पुढे 4 ऑगस्ट 1927 रोजी, म्हणजे बोले यांच्या ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला आणि प्रश्न न्यायालयात गेला. त्याचा शेवटचा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने मार्च 1937 मध्ये अस्पृश्यांच्या बाजूने दिला.

त्याच 1937 सालच्या निवडणुकीत, आदल्या वर्षी स्थापन झालेल्या स्वतंत्र मजूर पक्षाचे बहुतेक उमेदवार निवडून आले आणि त्यांत टिपणीसही होते. 175 जणांच्या विधानसभेत हा गट लहानच होता, पण त्याचा प्रश्न नेमका होता. सरकारला ठरावीक सारा भरून कुळांकडून त्याहून पुष्कळ अधिक वसूल करणारा आणि वर वेठही घेणारा मध्यस्थ म्हणजे खोत. कुलाबा व रत्नागिरी जिल्ह्यांतील ही पद्धत रद्द करावी, खोतांना भरपाई द्यावी आणि कसणाऱ्याला सरकारशी थेट नाते असलेला कब्जेदार करावे, असे विधेयक आंबेडकरांनी सप्टेंबर 1937 मध्ये मांडले. प्रांताचे सरकार चालवणाऱ्या बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने ते पुढे सरकू दिले नाही, तेव्हा 10 जानेवारी 1938 रोजी कोकणासह अनेक जिल्ह्यांतील हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चा घेऊन गेले आणि त्यांचे शिष्टमंडळ खेरांना भेटले.

सभागृहात विधेयक आणि बाहेर मोर्चा ही जोडी परदेशातही दिसते. अमेरिकेत कामगार संघटनांच्या हक्काचे विधेयक सिनेटर रॉबर्ट वॅग्नर यांनी आणले, तेव्हा अध्यक्ष रूझवेल्ट आरंभी त्याबाबत उदासीन होते. 1934 च्या संपांनंतर आणि त्या वर्षीच्या निवडणुकीने अमेरिकी काँग्रेसमधील विधेयकाच्या समर्थकांचे बळ वाढल्यावर, 5 जुलै 1935 रोजी त्यांनी त्यावर सही केली. तिथे बहुमत होते म्हणून काम लवकर झाले. मुंबईच्या विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाकडे बहुमत नव्हते, म्हणून वेळ लागला. एवढ्यावरून त्या पक्षाचा गट निष्फळ ठरला असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण पुढच्या प्रत्येक सरकारला खोतीबद्दल उत्तर द्यावे लागेल अशी तजवीज त्याने करून ठेवली होती. अखेर मुंबई खोती निर्मूलन कायदा 1949 साली झाला, आणि तेव्हा प्रांताचे सरकार त्याच बाळासाहेब खेरांच्या नेतृत्वाखाली होते.