भेडाघाटचे दृश्य आणि जबलपूरचे हात



रेल्वे आणि टपालाच्या कामगारांनी सिनेमाच्या धंद्याची चर्चा कशासाठी करावी, असे काही साथी विचारतात. आम्ही म्हणतो, जबलपूरच्या पोरांच्या रोजगाराचा प्रश्न आहे, म्हणून.

१९६० सालच्या 'जिस देश में गंगा बहती है' या चित्रपटापासून भेडाघाटचे संगमरवरी खडक पडद्यावर दिसत आले आहेत. पुढे 'अशोका' (२००१), 'मोहेंजोदारो' (२०१६) आणि 'डंकी' (२०२३) यांचेही चित्रण इथे झाले. मध्य प्रदेश सरकारने २०२० साली चित्रपट पर्यटन धोरण आणले. त्यात निर्मात्यांना अनुदान मिळते. चांगलेच झाले. पण युनिट मुंबईहून येते, आठ दिवस राहते आणि परत जाते. गावाच्या वाट्याला हॉटेलचे भाडे, टॅक्सीचे भाडे आणि गर्दीत उभे राहण्याची रोजंदारी, एवढेच उरते.

आपण रेल्वेवाले हे चांगले जाणतो. १८७० साली मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जबलपूरला जोडला गेला. पण नुसती गाडी थांबली म्हणून कुणाची चूल पेटत नाही. जिथे शेड आहे, दुरुस्ती आहे, रनिंग स्टाफची वस्ती आहे, तिथेच संसार उभे राहतात. चित्रण ही थांबणारी गाडी आहे. आपल्याला शेड हवी आहे.

ही गोष्ट अशक्य नाही. कोल्हापुरात बाबुराव पेंटरांनी गावातल्या कारागिरीच्या बळावर कॅमेरा तयार केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी चालवली. १९२९ साली तिथेच 'प्रभात' निघाली. १९३३ मध्ये ती पुण्याला गेली. मालक गेला तरी हुन्नर गावात राहिले, म्हणून तिथे पुढेही चित्रपट होत राहिले. जबलपूरकडेही हुन्नर आहे. आयुध निर्माण्यांत आणि रेल्वेत घडलेले फिटर, सुतार, वीजतंत्री आहेत. 'विवेचना'सारखी नाट्यसंस्था आहे. प्रेमनाथ इथलेच, रघुवीर यादवही इथलेच. पण पोराला नाव काढायचे तर मुंबई गाठावी लागते आणि दूरदर्शनचे केंद्र भोपाळला.

मग मागायचे काय? पहिली मागणी, लेखी कराराची. १९८१ च्या कायद्याने चित्रपट कामगारांना तो हक्क दिला होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यवसाय सुरक्षा संहितेत 'दृक्‌श्राव्य कामगार' या नावाखाली दूरचित्रवाणी व वेब मालिकांचे कामगारही येतात. श्रम संहितांवर आपले आक्षेप आहेत आणि ते राहणारच. परंतु जे कलम कामाचे आहे ते वापरायलाच हवे. दुसरी मागणी, अनुदान घेणाऱ्या निर्मात्याने स्थानिक माणसे किती लावली, किती दिवस लावली आणि मजुरी किती दिली, याचा हिशेब जाहीर व्हावा. तिसरी, ध्वनी, प्रकाश आणि संकलन यांचे प्रशिक्षण इथल्या आयटीआय व पॉलिटेक्निकमध्ये सुरू व्हावे.

साथींनो, सेटवरचा लाइटमन बारा-बारा तास उभा राहतो आणि त्याच्या हातात नेमणुकीचा एक कागदही नसतो. आपल्या आधीच्या पिढीने हजेरीपट, पगारपत्रक आणि निवृत्तिवेतन लढून मिळवले. त्यांनी जे शिकवले ते या पोरांना सांगणे हे आपले काम आहे. युनियनच्या कचेरीचे दार त्यांच्यासाठी उघडे ठेवा. ते संघटित झाले, तरच जबलपूरची निर्मिती जबलपूरची राहील.

कामगार एकजुटीचा विजय असो!