मेट्रो आणि पीएमटीने सिंहगड

पुण्याहून सिंहगडाची सामूहिक सहल मोटारीविनाही होते. पिंपरी-स्वारगेट मार्गावरील मंडळी थेट स्वारगेटला उतरतात. वनाज किंवा रामवाडीकडून येणाऱ्यांना जिल्हा न्यायालय स्थानकात मेट्रो बदलावी लागते. त्यामुळे भेटीची जागा स्वारगेटच ठरवावी. तिथून पीएमपीएमएलची, म्हणजे पुणेकरांच्या तोंडी अजूनही पीएमटीचीच, बस गडाच्या पायथ्याशी नेते. खरी अडचण मेट्रोची नसून या बसची. रविवारी ती खचाखच भरते आणि पंधरा-वीस जणांना एकत्र जागा मिळणे अवघड. दोन गटांत, सकाळी लवकर निघणे उत्तम. पायथ्यापासून चढण साधारण तास-दीड तासाची. वर तानाजी मालुसरे यांची समाधी, शिवाय पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही. परतीच्या शेवटच्या बसची वेळ उतरतानाच वाहकाला विचारून घ्यावी.