पडसे, फ्लू आणि शेजारधर्म



इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान अशा भारदस्त विषयांच्या पंक्तीत पडशाला पाट मांडलेला पाहून काही श्रोत्यांना हसू आले असेल. पडसे हा काय व्याख्यानाचा विषय झाला? नाकाला रुमाल लावावा आणि कामाला लागावे, अशी आपली रीत. नेमकी हीच रीत आज आम्हांला आपणांपुढे तपासावयाची आहे. नाकाला रुमाल लावून कामाला लागणारा मनुष्य शूर खरा. परंतु त्याच्या शौर्याची किंमत पुष्कळदा दुसराच कोणी देतो. तो दुसरा म्हणजे घरातली म्हातारी आजी, शेजारची गरोदर सून किंवा पाळण्यातले मूल. आमचे सारे सांगणे या एका वाक्याभोवती आहे.

प्रथम नावांचा घोळ निस्तरू. हल्ली नाक वाहिले तरी ‘फ्लू’ आणि अंग तापले तरी ‘व्हायरल’ असे म्हणण्याचा प्रघात पडला आहे. वस्तुतः पडसे आणि फ्लू ही दोन निराळी दुखणी आहेत. पडसे हळूहळू येते. घसा खवखवतो, शिंका येतात, नाक वाहते, मग चोंदते. ताप नसतो किंवा जेमतेम कणकण असते, आणि सात ते दहा दिवसांत प्रकरण मिटते. फ्लू हा दरोडेखोरासारखा येतो. सकाळी धडधाकट असलेला मनुष्य सायंकाळी हुडहुडी भरून अंथरूण धरतो. ताप चढतो, डोके ठणकते, हाडे मोडून आल्यासारखी वाटतात, कोरडा खोकला सुटतो. बहुतेक लोक आठवडाभरात उठतात, थकवा मात्र पुढेही रेंगाळतो. परंतु पासष्टीपुढचे वृद्ध, पाच वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया आणि दमा, मधुमेह किंवा हृदयविकार असलेले लोक यांच्या बाबतीत हाच फ्लू फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो.

दोहोंचे कारण विषाणू हेच. पण विषाणूंच्या जाती वेगळ्या. पडसे आणणारे विषाणू अनेक आहेत. त्यांतील मुख्य जो ऱ्हायनोव्हायरस, त्याचेच दीडशेहून अधिक प्रकार आहेत. एकाशी शरीराची ओळख पटली की दुसरा दारात उभा! म्हणूनच मोठ्या माणसालाही वर्षातून दोन-तीनदा पडसे होते, आणि म्हणूनच त्यावर लस निघालेली नाही. फ्लूचा विषाणू निराळा. माणसाला होणाऱ्या फ्लूचा विषाणू १९३३ साली लंडनमध्ये स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ या तीन शास्त्रज्ञांनी फेरेट नावाच्या, मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या साहाय्याने प्रथम वेगळा केला. या विषाणूला बहुरूप्याची कला साधलेली आहे. तो दरवर्षी आपले बाह्य रूप थोडेथोडे पालटतो, आणि क्वचित केव्हा तरी एकदम नवेच सोंग घेऊन येतो. तसे झाले की जगभर साथ पसरते. १९१८, १९५७, १९६८ आणि २००९ ही अशा साथींची वर्षे होत.

आता एक जुना प्रश्न. पावसात भिजले म्हणजे पडसे होते काय? इंग्लंडात सॉल्झबरी येथे १९४६ पासून १९९० पर्यंत केवळ पडशाच्या संशोधनासाठी एक संस्था चालविली गेली. वर उल्लेखिलेले अँड्र्यूज तिचे प्रमुख होते. तेथे स्वखुशीने आलेल्या माणसांना ओलेत्याने गार वाऱ्यात उभे करून पाहिले; तेवढ्याने त्यांना अधिक पडसे झाले नाही. थंडीने नाकातील प्रतिकारशक्ती थोडी मंदावत असावी, असे पुढील काही प्रयोग सुचवितात. परंतु विषाणूवाचून पडसे नाही, हे निश्चित. मग पावसाळ्यात पडसे-खोकला का वाढतो? पाऊस लागला की आपण खिडक्या लावून घेतो आणि एका खोलीत दाटीवाटीने बसतो, हे त्याचे एक मोठे कारण. दोष पावसाच्या पाण्याइतकाच, किंबहुना अधिक, कोंडलेल्या हवेचा आहे.

शिंकेतून, खोकल्यातून, एवढेच नव्हे तर बोलण्यातूनही ओलाव्याचे बारीक कण बाहेर पडतात. मोठे कण जवळपास खाली बसतात. अगदी सूक्ष्म कण बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. नाक पुसलेला हात दाराच्या कडीला लागतो, कडीवरून दुसऱ्याच्या हाताला आणि तेथून त्याच्या नाका-डोळ्याला. त्यातही ध्यानात ठेवण्याची गोष्ट अशी, की फ्लूचा रोगी लक्षणे दिसण्यापूर्वी एक दिवस आणि नंतर पाच ते सात दिवस रोग पसरवू शकतो. म्हणजे ‘आता जरा बरे वाटते’ म्हणून जो तिसऱ्या दिवशी कचेरीत जातो, तो एकटा जात नाही.

श्रोतेहो, ही हवा सर्वांची एक असली तरी सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही. याचा दाखला फार दूर शोधावयास नको. जून १९१८ मध्ये मुंबईच्या गोदीवर पहाऱ्याला असलेले काही पोलीस शिपाई तापाने आजारी पडले. महायुद्धाचे दिवस होते. जहाजे सैनिकांना घेऊन ये-जा करीत होती. गोदीतून ताप गिरण्यांत, चाळींत आणि कचेऱ्यांत गेला, आणि आगगाडीच्या रुळांवरून देशभर पोहोचला. पहिली लाट ओसरली असे वाटते न वाटते तोच सप्टेंबरात दुसरी, अतिशय प्राणघातक लाट आली. ६ ऑक्टोबर १९१८ या एकाच दिवशी मुंबईत ७६८ माणसे मरण पावली. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. अर्धपोटी माणसांत रोग वणव्यासारखा पसरला. हिंदुस्थानात या साथीने घेतलेल्या बळींचे अंदाज १ कोटी २० लाखांपासून २ कोटींपर्यंत आहेत. त्यांत तरणीताठी माणसे फार होती.

पण आम्हांला आपले लक्ष वेधावयाचे आहे ते दुसऱ्या एका आकड्याकडे. मुंबईत युरोपियन लोकांत या साथीने दर हजारी सुमारे ८ माणसे दगावली. त्या वेळच्या नोंदींत ज्यांना ‘खालच्या जातीचे’ म्हणून गणले होते, त्यांच्यात हेच प्रमाण दर हजारी ६१ हून अधिक होते. विषाणू एकच, शहर एकच, महिनेही तेच. फरक होता तो खोलीचा, खिडकीचा, ताटातल्या अन्नाचा आणि शुश्रूषेला माणूस असण्या-नसण्याचा. विषाणूला जात कळत नाही. ती आपण बांधलेल्या वस्तीला कळते.

त्यानंतर एक्याण्णव वर्षांनी, ऑगस्ट २००९ मध्ये, ‘स्वाइन फ्लू’ने भारतातला पहिला बळी पुण्यात घेतला. शाळा आणि चित्रपटगृहे बंद झाली, तोंडाला रुमाल बांधलेली माणसे रस्त्यांवर दिसू लागली. पण १९१८ साली जे नव्हते ते या वेळी हाताशी होते. विषाणू ओळखणारी राष्ट्रीय विषाणू संस्था त्याच गावात होती, औषध होते आणि थोड्या काळात लसही आली. तो विषाणू आज नाहीसा झालेला नाही. नेहमीच्या मोसमी फ्लूंपैकी एक होऊन तो आपल्यातच नांदतो आहे.

मग उपाय काय? लोक थट्टेने म्हणतात, की औषध घेतले तर पडसे सात दिवसांत बरे होते आणि न घेतले तर आठवड्यात. थट्टेत पुष्कळ तथ्य आहे. आले-गवती चहाचा काढा, हळदीचे दूध, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या यांनी घशाला आराम पडतो. तो जरूर घ्यावा. मात्र त्याने विषाणू मरतो असे मानू नये. एक वर्षाखालील बाळाला मध चाटवू नये. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर लहान मुलाला वाफाऱ्यासाठी बसवू नये, त्याने मुले भाजतात. मुलांना फ्लूच्या तापात ॲस्पिरिन कदापि देऊ नये. आणि कपाटातली उरलेली अँटिबायोटिकची गोळी तर मुळीच नको. ते औषध जीवाणूंवरचे आहे, विषाणूला त्याची दखलही नसते. उगाच घेतल्याने एवढेच होते की जीवाणू निर्ढावतात आणि खरी गरज पडेल त्या दिवशी औषध निकामी ठरते.

फ्लूच्या विषाणूवर ओसेल्टामिव्हिर हे औषध आहे. ते पहिल्या ४८ तासांत सुरू केल्यास अधिक उपयोगी पडते. म्हणून वर सांगितलेल्या नाजूक मंडळींनी ‘दोन दिवस वाट पाहू’ असे म्हणू नये, लगेच डॉक्टरांना गाठावे. तसेच धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर होणे, भ्रम होणे, मुलाचा श्वास जलद चालणे किंवा उतरलेला ताप पुन्हा उसळणे, यांतील एकही खूण दिसली तर कोणीही क्षणाचा विलंब लावू नये.

प्रतिबंधाचे सर्वांत भरवशाचे साधन लस हेच. विषाणू दरवर्षी रूप पालटतो, म्हणून लसही दरवर्षी घ्यावी लागते. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात, लशीत कोणते विषाणू असावेत ते सुचविते. लस म्हणजे अभेद्य चिलखत नव्हे. जुळणी चांगली साधते त्या वर्षी दवाखाना गाठावयास लावणारा फ्लू ती सुमारे ४० ते ६० टक्क्यांनी कमी करते. सहा महिन्यांखालील बाळाला ही लस देता येत नाही. परंतु गरोदरपणी आईने घेतली तर तिचे संरक्षण बाळालाही मिळते. महाराष्ट्रात फ्लूचा मुख्य जोर पावसाळ्यात असतो आणि लस अंगी लागण्यास दोन आठवडे जातात. तेव्हा एप्रिल-मे हीच लशीची वेळ. वसंतातल्या या व्याख्यानाला एवढे तरी औचित्य आहे! मृग लागण्यापूर्वी घरच्या वडीलधाऱ्यांविषयी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या.

बाकीचे उपाय फुकटचे आहेत, म्हणूनच ते आपल्याला पटत नाहीत. साबणाने वीस सेकंद हात धुवावे. शिंक तळहातावर न घेता कोपरात घ्यावी. पावसाळ्यातही समोरासमोरच्या खिडक्या थोड्या उघड्या ठेवाव्या. पडसे असता गर्दीत जाणे भागच असेल तर मास्क लावावा. या साध्या वागण्याने काय होते म्हणाल, तर ऐका. २०२० मध्ये कोविडमुळे सारे जग घरात बसले, तोंडे झाकली गेली; त्या वर्षी मार्चनंतर फ्लूच्या ‘बी’ विषाणूची यामागाता नावाची एक संपूर्ण शाखा जगात कोठेही खात्रीने आढळलेली नाही. आता लशीतूनही ती वगळली जात आहे. जगाला पुन्हा कोंडून ठेवावे असे आम्ही म्हणत नाही. माणसाच्या वागणुकीपुढे विषाणूही हार खातो, एवढेच यातून घ्यावयाचे.

शेवटचा आणि खरा कठीण उपाय म्हणजे आजारी माणसाने घरी राहणे. हा उपदेश करणे सोपे आहे. परंतु रोजावर काम करणाऱ्याने तो पाळावा कसा? एक दिवस घरी बसला तर त्याची चूल थंड. घरकाम करणारी बाई तापात कामाला येते ती हौसेने येत नाही. खाडा कापला जाईल म्हणून येते. तेव्हा ‘आजारी असाल तर घरी राहा’ हे वाक्य आपल्या तोंडी शोभावयाचे असेल, तर ‘पैसे कापणार नाही’ हे वाक्य त्याला जोडले पाहिजे. दुकानदार, कारखानदार, मुख्याध्यापक आणि आपण गृहस्थ-गृहिणी, आपणां सर्वांच्या हातांत ही लस आहे, आणि ती कोणत्याही कारखान्यात तयार होत नाही. ताप असूनही शाळा न चुकविणाऱ्या मुलाला शंभर टक्के हजेरीचे बक्षीस देण्याची प्रथाही एकदा तपासून पाहावी, अशी आमची शिक्षकवर्गास विनंती आहे.

आपल्याकडे घरातून निघताना कोणी शिंकले तर जाणारा थांबतो, घोटभर पाणी पितो आणि मग निघतो. ही चाल आम्हांला अगदीच टाकाऊ वाटत नाही. तिच्यात एवढीच दुरुस्ती सुचवावीशी वाटते, की थांबावे ते शिंकणाऱ्याने.